टर्बो गेला, की नळी सुटली?



मालवण तालुक्यातील एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. सारांश असा : त्यांचे पती चालक आहेत. पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. हंगामात मालवण, तारकर्ली, देवबाग येथे पर्यटकांना फिरवायचे आणि अधूनमधून आंबोलीचे किंवा कोल्हापूरचे भाडे घ्यायचे, यावर घर चालते. महिनाभरापासून गाडी चढणीला दम टाकू लागली. "गाडयेक दमच रवलो नाय," असे पती रोज रात्री म्हणत. शेवटी गॅरेजात नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडले, जागच्या जागी दोनदा रेस दिली, एक पाइप काढून आत बोट फिरवले आणि तेल लागलेले बोट दाखवून सांगितले, "टर्बो गेला. तीस हजारांच्या वर खर्च आहे." घरात पैसे आहेत ते मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढलेले. भगिनी विचारतात, "ते पैसे मोडावेत का? टर्बो खरोखर गेला हे आम्ही कसे ओळखायचे? आणि तोवर गाडी भाड्याला काढावी का?"

पत्र एका घराचे असले तरी प्रश्न अनेक घरांचा आहे. मारुती कंपनीने एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ चे नियम लागू झाले तेव्हापासून, डिझेल गाड्या बनवणे बंद केले. गावोगावी भाड्याला धावणाऱ्या त्या कंपनीच्या डिझेल गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. जुनी गाडी म्हटली की "टर्बो गेला" हे वाक्य कधी ना कधी कानावर येतेच. पण पुष्कळदा टर्बो धडधाकट असतो आणि बिघाड शे-दोनशेच्या क्लिपमध्ये किंवा फाटक्या नळीत असतो. म्हणून टर्बोच्या नावाने पैसे मोजण्यापूर्वी स्वस्त गोष्टी आधी तपासून घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. लोहाराचा भाता कसा काम करतो, आपण पाहिले आहे. हवा जास्त फुंकली की कोळसा जास्त पेटतो. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे, पण तो हलवायला माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे जाणारा इंजिनाचा तापलेला धूर एका छोट्या चाकाला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर नावाची जाळी बसवून तिला थंड करतात. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच इंजिनात जास्त डिझेल नीट जळते आणि गाडी जास्त ओढते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. तिचे पेटंट त्यांनी १९०५ मध्ये घेतले. पण डिझेल मोटारगाडीत टर्बो यायला पुढे सत्तर वर्षे लागली. मर्सिडीज कंपनीने तो १९७८ मध्ये आणला. आपल्याकडे १९९८ ची पहिली डिझेल इंडिका बिनटर्बोची होती. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक डिझेल मोटार टर्बोवर चालते.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो.  बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता तपासणीकडे वळू. पहिला प्रश्न गाडीला विचारायचा नसून चालकाला विचारायचा असतो. दम एकाएकी गेला की हळूहळू कमी झाला? एखाद्या चढणीवर "फट्" असा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी ओढेनाशी झाली, असे असेल तर बहुधा हवेची नळी सुटलेली किंवा फाटलेली असते. दोन-तीन महिन्यांत हळूहळू दम कमी झाला असेल तर काहीतरी तुंबत चालले आहे. चालकाला हे सगळे ठाऊक असते, पण गॅरेजात त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. घरून निघतानाच हे एका कागदावर लिहून न्यावे : केव्हापासून, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, धूर कसला, आवाज कसला.

दुसरी गोष्ट, गाडी ओढत नाही याचा अर्थ इंजिनात ताकद नाही असाच होत नाही. कुंभारमाठची चढण चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडीचा वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे. टर्बोचा त्यात काही दोष नाही. तसेच दहा किलोमीटर गाडी चालवून उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न्यावा, लावू नये. एखाद्या चाकातून भट्टीसारखी धग येत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहिला आहे. आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ब्रेकचे भाग गंजून अडकणे नवीन नाही.

त्यानंतर एअर फिल्टर. डबी उघडायला फार वेळ लागत नाही. आतला कागद काळाकुट्ट, तेलकट किंवा ओलसर झाला असेल तर आधी तो बदलावा. लाल मातीच्या रस्त्यावर उन्हाळाभर फिरलेल्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. डिझेल फिल्टरचेही तसेच. पावसाळ्यात त्यात पाणी साठते. बऱ्याच गाड्यांत ते पाणी खालच्या स्क्रूतून काढता येते. डिझेल पुरेसे पोहोचले नाही तर टर्बो कितीही चांगला असला तरी गाडी मरगळलेलीच राहणार.

धूर हा चांगला साक्षीदार आहे, पण त्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे लागते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. फिल्टर तुंबलेला, नळी फुटलेली, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा राहिलेला किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडणारा, यांपैकी काहीही असू शकते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ते टर्बोच्या सीलमधून येते किंवा इंजिनाच्या रिंगा झिजल्यामुळे येते. पांढरा दाट धूर गाडी गरम झाल्यावरही राहिला तर पाणी जळत असेल किंवा डिझेल न जळता बाहेर पडत असेल. थोडक्यात, काळा धूर पाहून कोणी टर्बोचे नाव घेतले तर लगेच मान डोलावू नये.

आता मुख्य गोष्ट, नळ्या. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत रबराच्या जाड नळ्या असतात. त्यांतून दाबाची हवा वाहते. दहा-बारा वर्षे इंजिनाची उष्णता आणि तेलाची वाफ खाऊन रबर फुगते, मऊ पडते आणि भेगाळते. भेग बहुधा क्लिपच्या अगदी शेजारी किंवा नळीच्या खालच्या अंगाला पडते, म्हणजे जिथे वरून डोळा पोहोचत नाही तिथेच. शिवाय खाऱ्या वाऱ्याने क्लिपा गंजतात आणि इंटरकूलरची ॲल्युमिनियमची जाळी खाल्ली जाते. गाडी उभी असताना ही भेग मिटलेली असते. चढणीवर आत दाब आला की ती ओठांसारखी उघडते आणि हवा निसटते. म्हणूनच जागेवर रेस देऊन काही कळत नाही. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बो फारसा दाब तयारच करत नाही.

ही तपासणी घरी करता येते. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि किल्ली काढून खिशात ठेवावी, कारण रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत आपोआप सुरू होतो. मग प्रत्येक नळीवरून, खालच्या अंगानेसुद्धा, हात फिरवावा. जिथून हवा निसटते तिथे तेलाचा बारीक फवारा बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. असा डाग सापडला की निम्मे काम झाले. नळी वाकवून पाहावी, क्लिप हलवून पाहावी. गाडी चालवताना काच खाली करून ऐकावे. ओढ लागताच "फुस्स" असा आवाज येत असेल तर ती हवाच आहे. पक्की खात्री करायची असेल तर गॅरेजमध्ये नळ्यांत धूर सोडून किंवा बेताच्या दाबाची हवा भरून साबणाचे पाणी लावतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतात तोच प्रकार. मात्र कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडू देऊ नये, नाहीतर चांगली नळीही फाटेल.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना मी फोन करून एवढेच पाहायला सांगितले. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. इंटरकूलरच्या खालच्या नळीला क्लिपलगत चार बोटे भेग होती. नळी आणि दोन क्लिपा बदलल्या, गाडी फोंडा घाट चढून आली आणि फीचे पैसे जागच्या जागी राहिले. मुद्दाम सांगतो, प्रत्येक गाडीचे असे होईलच असे नाही. म्हणून पुढचेही वाचावे.

नळ्या धड निघाल्या तर टर्बोला हुकूम देणारी यंत्रणा पाहावी. बऱ्याच गाड्यांत टर्बोच्या शेजारी बशीसारखा एक डबा आणि त्यातून निघालेली एक बारीक काडी असते. ही काडी टर्बोतील झडप किंवा पाती हलवून दाब कमी-जास्त करते. काही गाड्यांत ती व्हॅक्यूमवर चालते आणि तिला पेन्सिलीएवढ्या बारीक नळ्या असतात. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणाऱ्या उंदरांना या नळ्या फार आवडतात! एक नळी कुरतडली की टर्बो जिवंत असून निकामी. मेकॅनिककडे हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप असतो. तो लावल्यावर काडी सहज सरकली पाहिजे आणि टिकून राहिली पाहिजे. सरकली नाही तर डबा फाटला आहे किंवा आतली पाती काजळीने जाम झाली आहेत. जाम झालेली पाती काही वेळा साफ होतात. त्यासाठी लगेच अख्खा टर्बो बदलण्याची गरज नसते.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर मेकॅनिक स्कॅनर लावतो. त्यात अनेकदा "पी ०२९९" असा कोड येतो आणि तो दाखवून सांगितले जाते की मशीनच टर्बो खराब म्हणते आहे. मशीन असे म्हणत नाही. त्या कोडचा अर्थ एवढाच, की हवेचा दाब हवा होता त्यापेक्षा कमी मिळाला. का कमी मिळाला, हे शोधणे माणसाचे काम. ताप आला हे थर्मामीटर सांगतो; मलेरिया की टायफॉइड हे सांगत नाही. स्कॅनर लावलाच आहे तर मेकॅनिकला विनंती करावी, "भाऊ, चालत्या गाडीतले आकडे दाखवा." इंजिन बंद आणि किल्ली चालू असताना दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे. मालवणला, म्हणजे समुद्रसपाटीला, तो सुमारे १०० किलोपास्कल येतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला तो ९३ च्या आसपास येतो. इंजिन बंद असतानाच सेन्सर ७० किंवा १३० सांगत असेल तर तो स्वतःच खोटे बोलतो आहे. मग चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून न्यावी आणि इंजिनाने मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर टर्बो आपले काम करतो आहे, दोष दुसरीकडे शोधा.

नव्या, म्हणजे २०२० नंतरच्या, डिझेल गाड्यांत आणखी एक कारण असते. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला अधूनमधून लांबचा, सलग प्रवास लागतो. गाडी सदैव मालवण-तारकर्ली एवढ्यावरच फिरली तर जाळी तुंबते, धुराला बाहेर जायला वाट उरत नाही आणि गाडी मरगळते.

इतके सगळे तपासून झाल्यावरच टर्बोकडे यावे. पाइपमध्ये तेल दिसले म्हणून टर्बो गेला असे नव्हे. इंजिनातली तेलाची वाफ ब्रीदर नळीतून त्याच पाइपात सोडलेली असते. त्यामुळे चांगल्या गाडीच्या पाइपातही तेलाचा पातळ हात असतोच. बोटाला तेल लागणे ही काही मोठी गोष्ट नाही. पाइप उलटा करताच तेल ओतू लागले, गेजवर दर आठवड्याला तेल उतरू लागले आणि सोबत निळा धूर असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

खरी परीक्षा अशी. इंजिन बंद आणि थंड. टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून आतले चाक दोन बोटांनी फिरवावे. ते सहज फिरले पाहिजे, कुठे घासता कामा नये. पाती मोडलेली, कडा खाल्लेली नसावी. मग दांडा वर-खाली हलवून पाहावा. थोडा हलला तर घाबरू नये. दांडा तेलावर तरंगतो हे आपण वर पाहिले, त्यामुळे तेल उतरल्यावर तेवढी जागा मोकळी राहतेच. "बघा, किती प्ले आहे!" असे म्हणून हीच हालचाल दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवले जाते. चाक हलून घराच्या भिंतीला टेकत असेल, किंवा दांडा आत-बाहेर स्पष्ट सरकत असेल, तर बेअरिंग गेले. चालत्या गाडीत पोलीस सायरनसारखा चढत जाणारा आवाज हेही त्याचे लक्षण. हलकी शिट्टी मात्र टर्बोला असतेच.

समजा, टर्बो खरोखरच गेला. तर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय नवा बसवू देऊ नका : तो का गेला? टर्बो बहुधा आपल्या मरणाने मरत नाही. बहुतेक वेळा त्याला तेल कमी किंवा घाण मिळालेले असते, नाहीतर फाटक्या एअर फिल्टरमधून खडा, कचरा आत गेलेला असतो. तेल नेणारी बारीक नळी आतून जळलेल्या तेलाने तुंबलेली असते. ती तशीच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो आणि मग दुसऱ्यांदा तेवढाच खर्च. म्हणून टर्बोबरोबर तेलाची नळी, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावे, तेल परत नेणारी नळी व ब्रीदर साफ करावा, इंटरकूलरमधले जुने तेल आणि धातूचे तुकडे काढावेत. सगळा टर्बो न बदलता फक्त मधला गाभा, ज्याला कार्ट्रिज म्हणतात, तो बदलता येईल का, हेही विचारावे. बाहेरची घरे धड असतील तर खर्च बराच वाचतो.

चालक बांधवांनो, तेलाच्या बाबतीत काटकसर करू नका. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच ऑइल घालावे, सुटे स्वस्त ऑइल नको. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवू नये. मिनिटभर इंजिन चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळून कोळसा होत नाही. सकाळी गाडी सुरू करताच जोरात रेस देणेही तसेच वाईट.

गॅरेजच्या व्यवहारात तीन गोष्टी तोंडी ठेवू नयेत. खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा, काढलेला जुना भाग परत मागावा आणि पक्के बिल घ्यावे. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही. फसवणूक झालीच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. भाड्याची गाडी म्हणजे धंदा, मग आपण ग्राहक नाही, असा गैरसमज अनेकांचा असतो. पण स्वतःच्या कष्टाने, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरलेल्या वस्तूला कायदा व्यापारी वापर मानत नाही. आपली गाडी स्वतः चालवणारा चालक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

राहिला भगिनींचा शेवटचा प्रश्न : तोवर गाडी भाड्याला काढावी का? नळीची भेग असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही, पण घाटाचे भाडे घेऊ नये. निळा धूर आणि तेल उतरणे सुरू असेल तर मात्र गाडी अजिबात काढू नये, आणि पर्यटकांना बसवून तर नाहीच. कारण टर्बोचे सील फुटले तर इंजिन डिझेलऐवजी स्वतःचेच ऑइल पिऊन चालू लागते. वेग आपोआप वाढत जातो. किल्लीने डिझेल बंद होते, ऑइल बंद होत नाही, म्हणून किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून गाडी उभी करावी. क्लच दाबून वरचा, चौथा किंवा पाचवा गिअर टाकावा, ब्रेक दाबलेलाच ठेवून क्लच एकदम सोडावा. इंजिन धक्का खाऊन बंद पडते. तेवढ्यानेही थांबले नाही तर सर्वांनी उतरून लांब व्हावे. बॉनेट उघडू नये, हवेच्या तोंडावर हात ठेवण्याचा तर विचारही करू नये. अशी गाडी दुसऱ्या गाडीने ओढूनच गॅरेजात न्यावी.